कमी कष्टाचा टोमॅटो: पुण्यातल्या एका गच्चीचं प्रकरण

नावं बदललीयेत, घर कुठलं ते सांगत नाही, बाकी सगळं जसं घडलं तसं लिहितोय. गच्चीवर टोमॅटो लावून कंटाळलेले बरेच जण मला भेटतात आणि बहुतेकांचा प्रश्न एकच असतो, की असा एखादा टोमॅटो सांगा ज्याच्याकडे फार बघावं लागणार नाही. या एका घरात तो प्रश्न शेवटपर्यंत तडीस लावला गेला म्हणून हे प्रकरण निवडलं.

पार्श्वभूमी

सुमनकाकू आणि काका, दोघं रिटायर्ड, पुण्यात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आणि त्याला लागून छोटी उघडी गच्ची. ऊन भरपूर, सकाळी दहापासून पार संध्याकाळपर्यंत. काकूंच्या दोन्ही गुडघ्यांचा त्रास, खाली वाकून काम करणं जवळजवळ बंद. काका वाकू शकतात पण त्यांना झाडांचा नाद नाही, सांगितलं तेवढं मनापासून करतात. मुलगी नाशिकला, त्यामुळे वर्षातून तीनचार वेळा आठ-दहा दिवस घर बंद असतं.

त्यांचा पहिला प्रयत्न २०२३ च्या फेब्रुवारीतला. नर्सरीतून मोठ्या फळाच्या हायब्रीडची सहा रोपं आणली, आठ इंची कुंड्यांत लावली. नर्सरीवाल्याने भरपूर येतील म्हणून सांगितलं आणि त्यात खोटं काही नव्हतं, फक्त ती जात शेतासाठीची होती, तारेवर बांधून डोक्याएवढी उंच वाढवायची. इथे ती आठ इंची कुंडीत. मार्चमध्ये झाडं कमरेच्या वर गेली, काठ्या कलंडायला लागल्या, काका रोज सुतळी घेऊन बांधताहेत, बगलफूट, म्हणजे पान आणि खोडाच्या बेचक्यातून फुटणाऱ्या फांद्या, खुडताहेत. मग पांढरी माशी आली, शेंड्याची पानं बारीक आणि गोळा व्हायला लागली, सहातली तीन झाडं तिथेच बसली. उरलेल्यांना एप्रिलात फुलं आली आणि टपाटप गळाली. जी काही फळं धरली त्यांची बुडं काळी पडली. दिवसातून दोनदा पाणी, तेही कमीच पडत होतं. हातात आले ते सात-आठ टोमॅटो आणि काकूंनी ठरवलं की हे आपलं काम नाही.

मग जुलै उजाडला. त्या जुलैत टोमॅटो शंभर रुपये किलोच्या वर गेला होता, काही ठिकाणी दीडशेच्याही पुढे, ते सगळ्यांना आठवत असेल. त्याच वर्षी एप्रिल-मेमध्ये आपल्याकडचेच शेतकरी भाव नाही म्हणून टोमॅटो रस्त्यावर ओतत होते. काकूंनी फोन केला तो या महागाईमुळे, म्हणाल्या, ‘अरे, परत लावायचाय, पण गेल्या वेळसारखं नको, जमेल का ते खरं सांग.’

नेमकी अडचण

आधी बसून गेल्या वेळी काय झालं त्याचे तुकडे केले, कारण ‘टोमॅटो जमत नाही’ असं एकगठ्ठा म्हटलं की उपाय सापडत नाही.

फुलगळ ही जातीची चूक नव्हती, महिन्याची होती. टोमॅटोला रात्रीचं तापमान साधारण १५ ते २० अंश असलं की फळ छान धरतं. रात्री त्याच्या बऱ्याच वर राहिल्या आणि दिवस ३५ च्या पुढे गेला की परागकण नीट काम करत नाहीत, फूल उमलतं आणि गळतं. पुण्यात एप्रिलमध्ये पारा अडतीस-चाळीसला जातो, त्यात गच्चीची फरशी तापलेली. फेब्रुवारीत लावलेलं रोप फुलावर येतं ते बरोबर या दिवसांत.

बूड काळं पडणं हा पाण्याचा मामला. फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पाण्याबरोबरच जातं, पाणी कधी भरपूर कधी शून्य असं झालं की तिथे कमी पडतं आणि टोक मरतं. काकूंनी कुणाचं तरी ऐकून अंड्याची टरफलं टाकली होती, त्याने काही झालं नाही, होणारही नव्हतं. टरफलं मातीत विरघळायला फार वेळ घेतात आणि मुळात बहुतेक मातीत कॅल्शियम असतंच, ते वाहून न्यायला पाणी सारखं लागतं.

पानं गोळा होणं हा लीफ कर्लचा व्हायरस, पांढऱ्या माशीमुळे पसरणारा, आणि झाडाला एकदा झाला की औषध नाही. उन्हाळ्याकडे जाताना माशी वाढते.

आणि बांधाबांध, खुडाखुडी, काठ्या, हे सगळं जातीमुळे.

म्हणजे चार त्रासांपैकी जातीचा दोष सरळसरळ एकाच त्रासात होता. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण लोक कमी कष्टाची जात शोधत बसतात आणि महिना आणि पाणी तसंच ठेवतात. काकूंना सांगितलं की जात मी सुचवतो, पण जुलैत लावायचं नाही. महाग आहे म्हणून आत्ता लावावंसं वाटतंय, पण जुलैत टोमॅटो महाग असतो कारण या दिवसांत तो काढणंच अवघड असतं, पावसात करपा, म्हणजे पानांवर डाग पाडणारा रोग, येतो, फळं तडकतात. पुणे जिल्ह्यातल्या नारायणगाव पट्ट्यातले शेतकरी तो काढतात ते मल्चिंग पेपर (मातीवर अंथरायचं प्लास्टिक), ड्रिप म्हणजे ठिबक, बांबू-तार आणि फवारणीचं पूर्ण वेळापत्रक लावून. ते गच्चीवर, गुडघे दुखत असताना, नातीला कच्चा टोमॅटो खायला द्यायचा असताना करायचं नाही. काकू थोड्या हिरमुसल्या पण पटलं त्यांना. सप्टेंबरात पेरायचं ठरलं.

त्यांच्या अटी साध्या होत्या: वाकायला लागू नये, रोज दहा-पंधरा मिनिटांच्या वर वेळ नको, कडक औषध फवारायचं नाही, आणि नाशिकला गेल्यावर झाडं मरू नयेत. शेवटची अट सगळ्यात अवघड.

कोणते पर्याय होते

पहिला, अर्का रक्षक. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचं हायब्रीड, तीन रोगांना टिकणारं: लीफ कर्ल, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा. फळ ९०-१०० ग्रॅमचं, टणक, टिकाऊ. गेल्या वेळी निम्मी झाडं लीफ कर्लने गेली म्हटल्यावर हाच पहिला डोक्यात येतो. पण झाड बऱ्यापैकी वाढतं, आधार लागतोच, आणि हायब्रीड असल्यामुळे बी धरून पुढच्या वर्षी तसंच झाड मिळत नाही. काकूंना बी धरायची हौस, त्यांच्या आई परसात गवारी-भेंडीचं बी राखेत ठेवायच्या, त्यामुळे हे त्यांच्या मनातून उतरलं.

दुसरा, नेहमीचा वेलासारखा वाढणारा चेरी टोमॅटो. फळ धरण्यात एकदम सोपा, उन्हातही बऱ्यापैकी धरतो, बूड काळं पडायचा त्रास जवळजवळ नाही. पण वाढ अशी की मोकळा सोडला तर गच्ची खाईल, आणि आवरायचा तर परत सुतळी. बाद.

तिसरा, रोमा. लांबट, गरदार, बिया कमी. हा ठराविक उंचीला थांबणारा, तीन-चार फूट झुडूप होतं, बगलफूट काढायची नाही, उलट काढली तर फळंच कमी होतात. सरळ वाण आहे, म्हणजे हायब्रीड नाही, बी धरता येतं. खोट एकच, लांबट फळांना बूड काळं पडायची खोड जास्त, म्हणजे पाण्यात हयगय चालत नाही. शिवाय ठराविक उंचीच्या झाडांना फळं एकदम येतात, तीन-चार आठवड्यांत बरीचशी, मग संपलं. रोज दोन टोमॅटो तोडायचे हे स्वप्न त्यात बसत नाही.

चौथा, टायनी टिम. जुना वाण, अमेरिकेत न्यू हॅम्पशायर युनिव्हर्सिटीने १९४५ मध्ये आणलेला. झाड फूट-दीड फुटाचं, काठी नाही, खुडणं नाही, दहा इंची कुंडीत होतं, बोराएवढी लाल फळं. कमी कष्ट म्हणाल तर यापुढे कोणी नाही. पण एका झाडाचं पीक ते किती, नातीच्या मुठीत मावेल एवढं एका वेळी, त्यावर आमटी होत नाही.

पाचवा काकूंनी स्वतः सुचवला, गावरान, चपटा, घड्या पडलेला आंबट टोमॅटो, साराला तोच लागतो म्हणून. चव खरंच त्याचीच. पण तो जमिनीवर लोळणारा, पसरणारा, आणि खात्रीचं बी त्या वेळी हाताशी नव्हतं.

इथे बरीच चर्चा झाली. काकांचं म्हणणं, एकच जात घ्या, लक्षात ठेवायला सोपं. माझं म्हणणं, दोन घ्या, कारण टायनी टिम लवकर येईल आणि धीर सुटणार नाही, रोमा मागून येईल आणि स्वयंपाकाला पुरेल. शेवटी पाच ग्रो बॅग (झाडं लावायच्या पिशव्या) रोमा आणि चार कुंड्या टायनी टिम असं ठरलं.

पाण्याचा निर्णय

याला वेगळा मथळा दिलाय कारण सगळं प्रकरण इथेच फिरलं.

ड्रिपचा किट आणि टायमर लावायचा विचार होता. गच्चीतला नळ सोसायटीच्या टाकीवर, पाणी ठराविक वेळी, प्रेशरचा भरवसा नाही, आणि टायमर बिघडला तर काका-काकू नाशिकला असताना कळणार कुणाला. शिवाय खालच्या फ्लॅटमध्ये ओल उतरल्यावरून एकदा बोलणं झालं होतं, त्यामुळे पाणी वाहून जाईल असं काहीच नको होतं.

मी मातीचं मडकं पुरायची पद्धत समजावून सांगत होतो. न रंगवलेलं, कच्च्या पोताचं मडकं गळ्यापर्यंत मातीत पुरायचं, पाण्याने भरून झाकण ठेवायचं, माती कोरडी होईल तसं पाणी भिंतीतून पाझरतं, माती ओली असली की पाझर मंदावतो. दोन वाक्यं झाली नसतील तोवर काकू म्हणाल्या, ‘म्हणजे घटच की.’ आणि खरंच तेच आहे. घटस्थापनेला काळ्या मातीत धान्य पेरून मधे पाण्याचा घट ठेवतो, त्याच्या पाझराने नऊ दिवस धान्य ओलं राहतं आणि चांगलं उगवतं, वरून फारसं पाणी शिंपडायला लागत नाही. हे काम काकूंनी आयुष्यभर दर वर्षी केलेलं, त्यामुळे मडकं किती मोठं घ्यायचं, किती दिवसांनी भरावं लागतं, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. ड्रिप तिथेच रद्द झालं.

२०२३ ला घटस्थापना १५ ऑक्टोबरला होती, त्यामुळे सप्टेंबरअखेर बाजारात घट यायला लागले होते. काकांनी पाच आणले, दीड-दोन लिटरचे.

काय काय केलं

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ट्रेमध्ये कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत भरून बी पेरलं. ट्रेवर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा बांधला, चारही बाजूंनी बंद. लीफ कर्लचं मोठं नुकसान होतं ते रोप लहान असताना लागण झाली तर, म्हणून पहिले चार आठवडे माशीला रोपापर्यंत पोचूच द्यायचं नाही. फवारणीपेक्षा हा तुकडा जास्त कामाचा आणि फुकटचा.

ग्रो बॅग पंधरा बाय पंधरा इंची. त्यात माती, चांगलं कुजलेलं शेणखत आणि कोकोपीट सारख्या प्रमाणात, बॅगेमागे एक-दोन मुठी निंबोळी पेंड. घरात जुनं लोखंडी स्टँड पडलेलं होतं, बॅगा त्यावर मांडल्या म्हणजे मातीची पातळी काकूंच्या कमरेला आली. हे वाचायला साधं वाटतं पण काकूंच्या दृष्टीने सगळ्यात मोठा बदल हाच होता, गेल्या वेळी प्रत्येक कामासाठी काकांना हाक मारावी लागायची, या वेळी त्या स्वतः करू शकल्या.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यानंतर लावणी. मडकं आधी पुरलं, मग शेजारी रोप, म्हणजे नंतर खणून मुळं दुखवायला नको. रोप खालची पानं काढून निम्म्या खोडापर्यंत मातीत गाडलं, टोमॅटोच्या खोडाला मातीत गेलेल्या भागातून मुळं फुटतात आणि झाड पक्कं बसतं. वर नारळाच्या शेंड्या आणि वाळलेला पाला यांचा जाड थर. कबुतरं माती उकरत होती, त्यासाठी काकांनी बांबूच्या काड्या टोचून ठेवल्या. पांढरी माशी चिकटावी म्हणून दोन पिवळे चिकट कार्ड टांगले. रोमाला एक-एक काठी दिली, ती आधारापुरती, फळाचं वजन आल्यावर फांदी मोडू नये म्हणून.

रोजचं काम उरलं ते एवढंच, टायनी टिमच्या कुंड्यांना सकाळी तांब्याभर पाणी, दर दोन-तीन दिवसांनी मडकी भरायची, आणि चहा पिताना पानं उलटून बघायची. पंधरा दिवसांनी एकदा मूठभर गांडूळखत. फुलं आल्यावर काका सकाळी फुलांचे देठ बोटाने हलकेच टिचकी मारून हलवायचे. टोमॅटोचं फूल स्वतःचंच परागण करून घेतं, फक्त हलायला लागतं, उघड्या गच्चीत वाऱ्याने ते होतंच, पण काकांना ते काम आवडलं होतं.

पहिली परीक्षा: आजारी झाड

ऑक्टोबर संपताना एका रोमाच्या शेंड्याची पानं वळायला लागली. इथे घाई करायची नसते. उन्हाने किंवा पाणी कमी-जास्त झाल्याने पानं लांबीत वरच्या बाजूला गुंडाळतात, पण हिरवी राहतात, जाड लागतात, नवीन फूट व्यवस्थित असते, तसं असेल तर काही करायचं नाही. व्हायरस असेल तर नवीन पानं बारीक, कडा पिवळट, चुरगळलेली, आणि झाडाची वाढ थांबते. सगळ्या झाडांचे फोटो काढून तीन-चार दिवस शेजारी-शेजारी ठेवून बघितलं. बाकीची चार बोटभर वाढली, हे आहे तिथेच. व्हायरसच होता.

उपटायचं की नाही यावर काकू अडल्या. फुलं लागलेली होती त्या झाडाला, आणि असं झाड उपटायला कोणाचाही जीव होणार नाही. निंबोळी तेल मारून बघू म्हणाल्या. निंबोळी तेलाने माशी कमी होते, झाडात शिरलेला व्हायरस जात नाही, आणि ते झाड जितके दिवस उभं तितके दिवस बाकीच्यांना धोका. आणखी चार-पाच दिवस गेले मग काकांनी संध्याकाळी ते उपटून पिशवीत बांधून टाकलं. उरलेल्या चार झाडांना शेवटपर्यंत लागण झाली नाही. थोडे दिवस वाया गेले तरी नुकसान झालं नाही, पण हे दर वेळी असंच होईल असं समजू नये.

दुसरी परीक्षा: दिवाळी

१२ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन, त्याच्या दोन दिवस आधी दोघं नाशिकला गेले ते भाऊबीज करून आणखी दोन-तीन दिवसांनी परत. शेजारची कॉलेजला जाणारी मुलगी झाडं बघणार होती. तिला मुद्दाम एकच सूचना दिली होती, तीन दिवसांतून एकदा येऊन मडकी भरायची, बाकी काही करायचं नाही. मला ही या पद्धतीची सगळ्यात मोठी सोय वाटते. झाडाला किती पाणी घालायचं हे नवख्या माणसाला सांगणं अवघड, कोणी चिखल करतं, कोणी घोटभर घालून जातं. मडकं भरा म्हटलं की चुकायला जागा नाही. टायनी टिमच्या कुंड्या सावलीत आणून पसरट टबात दोन बोटं पाण्यात ठेवल्या.

परत आले तेव्हा टायनी टिम ठीक, दोन रोमा ताजेतवाने, आणि दोन रोमा पार मान टाकलेले.

मुलगी रडवेली झाली, ती दर तीन दिवसांनी आली होती. मडक्यात बघितलं तर त्या दोन बॅगांमधली मडकी काठोकाठ भरलेली. ती येऊन बघायची, मडकं भरलेलंच आहे म्हणजे पाणी पुरतंय, म्हणून पुढे जायची. सांगितलं तसंच तिने केलं होतं. मडकी उकरून काढली तेव्हा कारण दिसलं, ती दोन बाहेरून ऑइलपेंटने रंगवलेली होती, लाल रंग आणि पांढरी नक्षी. हल्ली बाजारात असे रंगवलेले घट खूप येतात, दिसायला छान म्हणून काकांनी पाचात दोन ते घेतले होते. रंगाने मडक्याची छिद्रं बंद, थेंब बाहेर येत नाही. घरी असताना हे लक्षात आलं नाही कारण काकू अधूनमधून वरूनही थोडं पाणी घालत होत्या.

म्हणजे नकळत एक तुलनाच होऊन बसली. तीच जात, तीच माती, तेच ऊन, दोन बॅगांना पाझर आणि दोन बॅगांना नाही. ती दोन झाडं पाणी घातल्यावर दोन दिवसांत उभी राहिली, बघणाऱ्याला वाटावं सगळं ठीक झालं, पण डिसेंबरच्या सुरुवातीला त्यांच्या पहिल्या फळांची बुडं काळी पडली. पाझरवाल्या दोन्ही झाडांवर एखादं फळ सोडलं तर काही नाही. उशिरा लागलेली फळं त्या दोन झाडांवरही चांगली निघाली, कारण रंगवलेली मडकी काढून साधी बसवली होती. काढताना थोडी मुळं तुटलीच, पण ती रिस्क घेणं भाग होतं.

मधेच अवकाळी

नोव्हेंबरच्या शेवटी राज्यात सगळीकडे अवकाळी झाला, नाशिककडे गारा पडून द्राक्षांचं वाटोळं झालं. त्या मानाने गच्चीवरचं नुकसान काहीच नाही. टायनी टिमची पिकायला आलेली फळं तडकली, एकदम पाणी मिळालं की साल ताणून फुटतेच. आठवड्याभरात रोमाच्या खालच्या पानांवर करप्याचे गोल गोल वलयांचे डाग आले. फवारणी न करता खालची सगळी डागाळलेली पानं काढून टाकली, मातीपासून वीतभर खोड मोकळं केलं. मातीवर पाल्याचा थर असल्यामुळे चिखल पानांवर उडाला नव्हता, त्यामुळे असेल, करपा वर चढला नाही.

हाती काय आलं

टायनी टिम नोव्हेंबरअखेर पिकायला लागला आणि जानेवारीच्या मध्यापर्यंत थोडा थोडा देत राहिला. चार कुंड्यांचे मिळून दीड-दोन किलो, बहुतेक सगळे नातीने उभ्या उभ्या खाल्ले. रोमा डिसेंबरच्या मध्यापासून, आणि मग सांगितलं होतं तसं एकदम. एका आठवड्यात तीन किलोच्या वर उतरले. एकूण चार झाडांचे सात किलोच्या आसपास, खराब गेलेले सोडून. काकूंनी शिजवून गाळून प्युरी केली आणि डबे करून फ्रीझरला टाकली.

पैशाचा हिशोब सरळ आहे, डिसेंबरात मंडईत टोमॅटो स्वस्त असतो, त्यामुळे बॅगा, माती, खत यांचा खर्च पहिल्या वर्षी निघत नाही. पुढची तीन-चार वर्षं बॅगा आणि मडकी वापरली तर निघेल. महागाईवर उपाय म्हणून सुरू झालेलं हे काम त्या अर्थाने उपाय ठरलं नाही आणि मी ते काकूंना आधीच सांगितलं होतं. पण वेळेची अट पाळली गेली, रोज दहा मिनिटांच्या वर काम नव्हतं, कडक औषध घरात आलं नाही, आणि घर बंद असतानाही झाडं जगली.

चवीबद्दल मात्र काकू समाधानी नाहीत. रोमा भाजीला, चटणीला उत्तम, गर दाट, पाणी सुटत नाही. पण सार केलं तेव्हा त्यांनी एक घोट घेऊन वाटी खाली ठेवली, म्हणाल्या आंबटपणाच नाही, आमसूल घालावं लागेल. बरोबरच आहे ते, आणि कमी कष्टाची जात निवडताना ताटात काय लागणार आहे हे आधी विचारायला हवं, ते इथे मागे पडलं.

परत करायचं तर काय बदलू

सगळ्यात आधी मडकी. विकत घेताना न रंगवलेलंच घ्यायचं, आणि पुरण्याआधी पाणी भरून रात्रभर कोरड्या फरशीवर ठेवायचं. सकाळी बाहेरून ओलसर आणि गार लागलं, खाली ओल उतरली, तरच वापरायचं. एका रात्रीत कळलं असतं जे कळायला दिवाळी जावी लागली.

गावाला जायच्या आधी निदान तीन-चार दिवस वरून पाणी न घालता फक्त मडक्यावर झाडं चालतात का ते बघायचं. दोन्हीकडून पाणी चालू असलं की कुठलं काम करतंय ते कळत नाही. आणि शेजारच्या मुलीला सूचना द्यायची तर अशी, की मडकं भरलेलं दिसलं तर बोट घालून माती बघ, कोरडी असेल तर वरून पाणी घाल आणि फोन कर.

जातीच्या बाबतीत, अर्का रक्षक पूर्ण बाजूला ठेवायला नको होता असं मला वाटतं. ज्या गच्चीवर आधी लीफ कर्ल येऊन गेलाय तिथे पाचात निदान दोन झाडं टिकणाऱ्या जातीची असावीत, त्यासाठी दोन काठ्या जास्त लागल्या तरी चालतील. या वेळी एकाच झाडावर निभावलं ते मच्छरदाणी आणि ऑक्टोबरची हवा यांच्यामुळे. माशी जास्त असलेलं वर्ष असतं तर पाचही रोमा गेले असते.

आणि रोमा सगळे एका दिवशी पेरायचे नाहीत. दोन-तीन सप्टेंबरच्या सुरुवातीला, उरलेले तीन आठवड्यांनी. म्हणजे तीन किलोचा ढीग एकदम पडत नाही आणि फेब्रुवारीपर्यंत पुरतं. त्याहून उशिरा मात्र नाही, नाहीतर फुलं परत उन्हाळ्यात सापडतात.

टायनी टिमचं आणि पाझरवाल्या रोमाचं बी काकूंनी धरलंय. चांगल्या झाडावरचं पूर्ण पिकलेलं फळ, बिया रसासकट वाटीत दोन-तीन दिवस आंबवल्या, बुळबुळीत थर सुटला की धुऊन काचेच्या ताटलीत सावलीत वाळवल्या, कागदावर नाही, कागदाला चिकटतात. पुढच्या सप्टेंबरला तीन बॅगा रोमा, दोन अर्का रक्षक, टायनी टिमच्या चारही कुंड्या तशाच, आणि एक मोठा जुना टब गावरानला, त्याला स्टँडवर न ठेवता कठड्याकडेला खाली ठेवून खुशाल लोळू द्यायचं असं ठरलंय. त्याचं बी काकूंच्या भावजयीने साताऱ्याहून कागदाच्या पुडीत पाठवलंय. ते झाड काका बघणार आहेत.